गेमला आरपीजी (रोल-प्लेइंग गेम, पात्राची भूमिका घेऊन खेळायचा गेम) कधी म्हणायचं? एक्सपी (अनुभवाचे पॉइंट) आणि लेव्हल असली की झालं?

शून्य_एक्सपी

तिघांचा मिळून एक छोटा गेम तयार होतोय. वरून दिसणारा नकाशा, रिअल टाइम मारामारी, नायक ठरलेला, गोष्ट एकच. नायकाला चार स्टॅट (क्षमतेचे आकडे) आहेत: ताकद, चपळाई, बोलणं आणि जाण. शत्रू मारला की एक्सपी, लेव्हल वाढली की एक पॉइंट, आणि तो खर्चायला १८ खणांचा स्किल ट्री (कौशल्यांचा फांद्यांसारखा तक्ता). स्टोअरच्या पानावर याला आरपीजी लिहायचं की ॲक्शन-ॲडव्हेंचर, यावर तिघांचं एकमत होत नाहीये.

अडचण अशी की एक्सपी आणि लेव्हल आता कुठे नसतात? कॉल ऑफ ड्यूटी ४ च्या मल्टिप्लेअरमध्ये २००७ सालीच एक्सपी आणि ५५ रँक होत्या. जीटीए सॅन अँड्रियासमधला सीजे बर्गर खाऊन सुटतो, जिममध्ये दंड कमावतो, बंदूक चालवून चालवून तरबेज होतो; तरी त्याला कोणी आरपीजी म्हणत नाही. उलट डिस्को एलिझियममध्ये लढाईची वेगळी यंत्रणाच नाही, आणि तो मात्र बिनतक्रार आरपीजी. डियाब्लोच्या गोष्टीत तुम्हाला कोणी काही विचारत नाही, तरी तो ‘ॲक्शन आरपीजी’. मग नेमकं तपासायचं काय? ‘ज्याला जे वाटेल ते’ हे उत्तर सोडून काहीही सांगा.

खवचट_खलाशी

पहिल्याच गावात कोणीतरी तळघरातले उंदीर मारायला सांगितलं की आरपीजी. चालू द्या.

सोंगटी

एकच गोष्ट बघा. एखादी कृती जमली की फसली, हे कोण ठरवतं? खेळणाऱ्याचा अंगठा की पात्राच्या नावापुढचे आकडे?

हे कुठून आलं ते कळलं की बराच गोंधळ मिटतो. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी डंजन्स अँड ड्रॅगन्स काढला. त्याआधी टेबलावर लढाया मांडण्याचे खेळ होते, त्यात एक सोंगटी म्हणजे बहुतेक वेळा आख्खी तुकडी. या दोघांनी सोंगटीचा एक माणूस केला आणि त्याला कागद दिला: ताकद इतकी, बुद्धी इतकी, अमुक येतं, तमुक येत नाही. खेळणारा स्वतः लाजराबुजरा असला तरी त्याचं पात्र राजाला बोलून गुंडाळू शकतं, कारण फासा त्या कागदावरच्या आकड्यात मिळवला जातो. मात्र टेबलाच्या पलीकडे एक माणूस बसलेला असे, जो तुमचं म्हणणं ऐकून गोष्ट ऐन वेळी वळवायचा.

संगणकावर आणताना हा माणूस काही आणता येईना. आकडे मात्र अलगद आले. १९७५ च्या सुमारास अमेरिकेत प्लेटो या विद्यापीठाच्या संगणक-जाळ्यावर भुयारं धुंडाळायचे गेम निघाले, १९८१ ला विझर्ड्री आणि अल्टिमा आले, आणि हिट पॉइंट (पात्राचा जीव), एक्सपी, लेव्हल हीच या प्रकाराची खूण होऊन बसली. खरं तर ती अर्धीच बाजू. आज एक्सपी सगळ्यांनी उचललाय, म्हणून ती खूण कुचकामी झाली आहे.

आकडे ठरवतात म्हणजे काय, हे बघायला मॉरोविंड (२००२) घ्या. तिथे तलवार डोळ्यांदेखत शत्रूच्या अंगातून आरपार जाते आणि गेम म्हणतो, लागली नाही. नवखे खेळाडू इथेच वैतागून गेम काढून टाकतात. हिशोब असा: त्या हत्याराचं स्किल, अधिक चपळाईचा पाचवा हिस्सा, अधिक नशिबाचा दहावा हिस्सा, आलेल्या बेरजेला दमाने गुणायचं. दम पूर्ण असेल तर १.२५, संपलेला असेल तर ०.७५. आता तुम्ही लांब तलवारीचा योद्धा केलात, पण सुरुवातीच्या कचेरीत टेबलावर सुरी दिसली म्हणून तीच उचललीत. न निवडलेलं स्किल ५ वर असतं. चपळाई ४०, नशीब ४० धरलं तर ५ + ८ + ४ = १७. मॉरोविंडमध्ये पळताना दम खर्च होतो, आणि तुम्ही गावातून पळतच बाहेर आलात. १७ गुणिले ०.७५, म्हणजे जेमतेम १३ टक्के. त्यातून समोरच्याची चुकवण्याची क्षमता अजून वजा व्हायची आहे. तोच योद्धा मेजर स्किल (सुरुवातीला निवडलेलं मुख्य कौशल्य) ३० असलेली लांब तलवार घेऊन, दम भरून उभा राहिला तर ४२ गुणिले १.२५, म्हणजे ५२ टक्क्यांच्या वर. खेळणारा तोच, माऊसचं बटणही तेच. बदलला तो कागद.

सॅन अँड्रियासमध्ये हा कागद आहे, पण गोष्ट तो वाचतच नाही. अपवाद म्हणावा असा एक: ‘ॲम्फिबियस असॉल्ट’ हे मिशन सीजेची फुप्फुसाची क्षमता पुरेशी वाढल्याशिवाय सुरूच होत नाही. पण तिथेही सगळ्यांना एकच काम करावं लागतं, पाण्यात बुडी मारत बसायचं आणि यायचं. दोन वेगवेगळे सीजे दोन वेगवेगळ्या वाटांनी पुढे गेले, असं कधी होत नाही.

म्हणून कसोटीचा दुसरा भाग: कागद वेगळा असेल तर अडथळा ओलांडायची वाट वेगळी होते का, आणि काही वाटा खरंच बंद होतात का? पहिल्या फॉलआउटमध्ये (१९९७) सात गुण असतात, प्रत्येक ५ वर, आणि वाटायला आणखी ५ पॉइंट. बुद्धी ४ च्या खाली नेली तर तुमचं पात्र धड वाक्य बोलत नाही, नुसतं गुरगुरतं. बहुतेक लोक त्याला कामंच सांगत नाहीत. बोलण्याचं स्किल आणि योग्य पुरावा हातात असेल तर शेवटच्या खलनायकाला त्याचा बेतच कसा फोल आहे हे पटवून देऊन, गोळी न झाडता संपवता येतं. किंगडम कम: डिलिव्हरन्समध्ये (२०१८) हेन्रीला वाचता येत नाही. पुस्तक उघडलं की पानावर अक्षरांची सरमिसळ दिसते. एका लेखनिकाकडून वाचायला शिकलात की शब्द हळूहळू जुळायला लागतात. खेळणाऱ्याला वाचता येतं, पात्राला येत नाही, आणि गेम पात्राच्या बाजूने उभा राहतो. याहून चोख उदाहरण मला तरी माहीत नाही.

कोकणातला_कोबोल्ड

अर्धा सहमत. पहिला भाग बरोबर आहे, दुसऱ्या भागात तुम्ही अर्धा जपान बाहेर काढलात.

जपानी ड्रॅगन क्वेस्ट (१९८६) घ्या. युजी होरीने विझर्ड्रीची लढाई आणि अल्टिमाचा नकाशा एकत्र करून फॅमिकॉम या निन्टेंडोच्या कन्सोलच्या दोन बटणांत बसवला. नायक एकच, गोष्ट लिहिलेली, स्टॅट आपोआप वाढतात. गंमत म्हणजे सुरुवातीला जे नाव टाइप कराल त्याच्या अक्षरांवरून वाढीचा साचा ठरतो, म्हणजे बिल्डचा (पात्राच्या घडणीचा) एकमेव निर्णय तुम्ही नकळत घेता! शेवटी ड्रॅगनलॉर्ड विचारतो, अर्धं जग देतो, माझ्या बाजूला येतोस का? हो म्हटलं की खेळ खलास. वाटा म्हणून एवढंच. तरी त्याला आरपीजी म्हणायचं नाही, असं कोणी म्हणू शकेल का? तिथे सगळं लेव्हल ठरवते. पूल ओलांडलात की शत्रू दुप्पट भारी, आणि अंगठ्याच्या चपळाईने तिथे काहीही होत नाही. तुमची पहिली कसोटी हा गेम पैकीच्या पैकी पास होतो, दुसरीत नापास. पोकेमॉनचं त्याहून वेगळं: ट्रेनरची स्वतःची लेव्हलच नाही, गोष्ट एकच, पण सहा जणांची पार्टी कुठली हा निर्णय एवढा मोठा की दोघांचे प्रवास जुळत नाहीत.

आणि दुसऱ्या टोकाला एल्डन रिंग (२०२२). ‘रेच’ नावाचं पात्र घ्या, लेव्हल १, सगळे स्टॅट १०. एकही लेव्हल न वाढवता लोकांनी तो गेम संपवलाय. मग ठरवणारा अंगठाच झाला की! तरीही तो आरपीजी आहे, आणि का आहे हे त्याच स्टुडिओच्या सेकिरोशेजारी (२०१९) ठेवून बघितलं की कळतं. त्यांच्याच डार्क सोल्समध्ये झ्वायहँडर ही तलवार उचलायला ताकद २४ लागते. दोन्ही हातांनी धरली तर ताकद दीडपट धरली जाते, म्हणजे १६ वर भागतं. पण मग ढाल गेली. ढाल गेली म्हणजे लोळून चुकवणं आलं, त्यासाठी अंगावरचं ओझं कमी हवं, म्हणजे जड चिलखतही गेलं. एका आकड्यामुळे सगळी लढण्याची पद्धत बदलली. सेकिरोमध्येही एक्सपी आहे, स्किल ट्रीसुद्धा आहे. पण हातातली मुख्य तलवार सगळ्यांची तीच, जीव वाढतो तो चार मणी जमल्यावर, वार वाढतो तो मोठे बॉस मारल्यावर. शेवटाकडे पोचलेले दोन सेकिरो जवळजवळ सारखेच असतात. म्हणून एक आरपीजी आणि दुसरा ॲक्शन-ॲडव्हेंचर, आणि अवघडपणाचा याच्याशी काडीचा संबंध नाही.

मला वाटतं एक व्याख्या शोधण्यापेक्षा वजनं लावावीत. रोगलाइकवाल्यांनी (दरवेळी नवं भुयार, मेलात की पहिल्यापासून, अशा गेमवाल्यांनी) २००८ मध्ये बर्लिनच्या परिषदेत हेच केलं: जास्त वजनाचे घटक वेगळे, कमी वजनाचे वेगळे, आणि एखादा नसला म्हणून गेम जातीबाहेर नाही. आरपीजीसाठी जास्त वजन मी तिघांना देईन. पात्राची क्षमता निकाल बदलते. वाढ कुठे करायची हे खेळणारा निवडतो आणि त्याची किंमत मोजतो. जग त्या निवडीची दखल घेतं. तीनपैकी दोन ठळक असतील तर बिनधास्त आरपीजी म्हणा. डियाब्लोत पहिले दोन आहेत, तिसरं नाही. विचर ३ मध्ये गेराल्ट ठरलेला आहे, पण तिसरं एवढं दणकट की बाकीचं चालून जातं. एक्सपी, लूट, ड्रॅगन, लांबी ही सगळी कमी वजनाची मंडळी.

सोंगटी

ड्रॅगन क्वेस्टचा मुद्दा मान्य. वजनांची पद्धत व्यवहारात जास्त बरी. पण ‘तीनपैकी दोन’ मोजताना पहिलं सक्तीचं ठेवा. नुसती निवड आणि नुसती दखल असलेले संवादप्रधान ॲडव्हेंचर गेम ढीगभर आहेत. त्यात पात्राला काय येतं याने काही अडत नाही.

आकडेमोड

व्याख्या झाली, आता जिथे ती मोडते तिथे या. आरपीजी लिहिलेले कितीतरी गेम यंत्रणेतल्या चुकांमुळे आतून आरपीजी राहत नाहीत.

सर्वांत आधी चेक, म्हणजे पात्राला ती कृती जमते का हे गेम तपासतो ती जागा. दोन पद्धती: फासा किंवा उंबरठा. फॉलआउट ३ (२००८) मध्ये बोलण्याचा चेक टक्क्यांत होता. ३० टक्के दिसले की लोक सेव्ह करायचे, फसलं की लोड, परत, परत. म्हणजे स्किल ३० असो की ९०, निकाल तोच. फरक फक्त लोडिंग स्क्रीन किती वेळा बघितली याचा. त्यापुढच्या फॉलआउट न्यू वेगसने (२०१०) टक्के काढून उंबरठा ठेवला: लागतात ३०, तुमच्याकडे १५. त्यात एक सुंदर बारकावा आहे. स्किल कमी असेल तर पर्याय लपवला जात नाही, पण त्याचं वाक्यच बदलतं. तुमचं पात्र काहीतरी बावळटासारखं बोलणार हे आधीच वाचता येतं. कागद काय म्हणतो ते थेट संवादातच दिसतं.

फासा हवाच असेल तर त्याचं गणित समजून घ्या. वीस बाजूंच्या फाशात प्रत्येक +१ ची किंमत सगळीकडे सारखी, ५ टक्के. बाल्डर्स गेट ३ मध्ये १५ गाठायचे आहेत आणि तुमच्याकडे +५ आहेत तर १० किंवा वर पडायला हवं, ५५ टक्के. ॲडव्हान्टेज मिळालं, म्हणजे दोन फासे टाकून मोठा घेतला, तर जवळपास ८०. डिस्को एलिझियम सहा बाजूंचे दोन फासे टाकतो, तिथे वक्र वेगळा: ७ किंवा वर पडण्याची शक्यता ५८ टक्के, ८ ची ४२, ९ ची २८, १० ची १७. म्हणजे मधल्या पट्ट्यात एका पॉइंटची किंमत १४-१७ टक्के, टोकाला मात्र पाचेक टक्केच. तज्ज्ञ आणि नवखा यांच्यात ठसठशीत फरक दिसायला हवा असेल तर दोन फासे घ्या. लहान गेममध्ये वीसचा फासा फार बेभरवशाचा वाटतो, कारण चेकच मोजके असतात आणि नशीब सरासरीवर यायला वेळच मिळत नाही.

सेव्ह-लोडची खोड मोडायला दोन उपाय. यादृच्छिक आकड्याचं बीज (ज्यावरून पुढचे फासे ठरतात तो आकडा) सेव्हमध्येच साठवा, म्हणजे लोड केलं तरी तोच फासा पडतो. किंवा डिस्कोसारखं करा: पांढरा चेक फसला तर त्या स्किलमध्ये पॉइंट घातल्यावर पुन्हा करता येतो, लाल एकदाच. आणि फसण्यातही काहीतरी लिहिलेलं असू द्या. फसल्यावर नुसतं ‘दार उघडलं नाही’ असेल तर कोणीही लोडच करणार.

दुसरी चूक, शत्रूंची लेव्हल नायकाबरोबर वाढवणं. ऑब्लिव्हिअनमध्ये (२००६) वर गेल्यावर शंभर नाणी मागणारा वाटमाऱ्यासुद्धा महागडं काचेचं चिलखत घालून उभा असायचा. ते विकलं असतं तर त्याला वाटमारी करायची गरज नव्हती. त्याहून वाईट म्हणजे लेव्हल वाढायची ती मेजर स्किल एकूण १० वेळा वाढल्यावर आणि झोपल्यावर. म्हणून हुशार खेळाडू मुद्दाम न वापरायची स्किल मेजर म्हणून निवडायचे, की लेव्हल वाढूच नये. वाढ हीच शिक्षा झाली. उपाय साधा: शत्रू जागेला बांधा, नायकाला नाही. न्यू वेगसमध्ये पहिल्या गावाच्या उत्तरेलाच डेथक्लॉ हे भयंकर राक्षस बसवलेत. गेलात तर मेलात. लेव्हल वाढवून परत या आणि बघा.

तिसरी चूक तुमच्या गेममध्ये आत्ताच दिसतेय: शत्रू मारला की एक्सपी. बोलून प्रश्न सोडवला तर काय? बोलणाऱ्याचे एक्सपी बुडाले. मग लोक आधी बोलतात, बक्षीस घेतात आणि वळून सगळ्यांना मारतात. डेऊस एक्समध्ये (२०००) स्किल पॉइंट उद्दिष्ट गाठल्याचे आणि जागा शोधल्याचे मिळायचे, मारल्याचे नाही. दारापलीकडे पोचणं याचे एक्सपी द्या. कुलूप तोडलं, पहारेकऱ्याला पटवलं की आडवा केला, रक्कम तीच.

शून्य_एक्सपी, एक काम करा. चारही स्टॅट गोष्टीत कुठे कुठे विचारले जातात ते मोजून इथे टाका.

शून्य_एक्सपी

मोजलं. ताकद: ११ ठिकाणी, त्यातल्या ९ ठिकाणी फक्त वाराचं नुकसान वाढवण्यासाठी. चपळाई: ७, सगळी लढाईत. जाण: ३, लपलेल्या वस्तू दिसणं. बोलणं: २, दोन्ही ठिकाणी दुकानात भाव कमी होतो. स्किल ट्रीच्या १८ पैकी १४ खण नुकसान, जीव किंवा वेग वाढवतात. सगळे १८ खण शेवटापर्यंत भरतातच, लेव्हल तेवढ्या आहेत.

कोकणातला_कोबोल्ड

मग हा ॲक्शन-ॲडव्हेंचर आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही. पुण्याच्या नोडिंग हेड्स या स्टुडिओचा राजी हा गेम (२०२०) त्याच नावाने आला. हत्यारांच्या शक्ती वाढवता येतात तरी त्यांनी आरपीजीचा टिळा लावला नाही. सगळे १८ खण भरतात यातच उत्तर आलं. ज्याचं सगळं मिळतं ती निवड नव्हे, ते वेळापत्रक. ‘बोलणं’ हा स्टॅट काढून टाका आणि त्याची सवलत एखाद्या अंगठीला द्या.

आकडेमोड

किंवा उलट दिशेने जा, काम फार नाही. लेव्हलची कमाल मर्यादा १० वर आणा, म्हणजे १८ पैकी निदान ८ खण रिकामे राहणारच. नुसती टक्केवाढ देणारे १४ खण निम्मे करा, उरलेल्या जागी क्रियापदं ठेवा: चढता येतं, कुलूप उघडता येतं, खोटं पकडता येतं. मग गोष्टीतले ५-६ मोठे अडथळे निवडा आणि प्रत्येकाला किमान दोन स्टॅटच्या वाटा द्या. प्रत्येक स्टॅट लढाईबाहेर निदान ३ वेळा विचारला गेला पाहिजे, नाहीतर तो टाकाऊ ठरतो आणि दुसऱ्याच दिवशी कोणीतरी लिहितं, ‘बोलण्यात एकही पॉइंट घालू नका’. चारही वाटा प्रत्येक ठिकाणी लिहायला जाऊ नका. लेखन चौपट होतं आणि छोटे गट तिथेच अडकतात.

शून्य_एक्सपी

हे जमण्यासारखं आहे. स्टोअरवरचा टॅग मग ‘ॲक्शन आरपीजी’? आणि पहिला चेक साधारण किती वेळाने यावा? आत्ताच्या रचनेत पहिला अडथळा तिसऱ्या तासाला येतो.

आकडेमोड

बदल केलेत तर हो, ॲक्शन आरपीजी. पण तिसरा तास फार उशीर. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानावर घेतल्यापासून १४ दिवसांत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर गेम परत करता येतो. आरपीजी वाचून आलेल्या माणसाला तेवढ्या वेळात नुसती मारामारी दिसली तर तो पैसे घेऊन जाईल आणि जाताना खरमरीत रिव्ह्यू ठेवेल. पहिला अडथळा अर्ध्या तासात, दुसरा दीड तासाच्या आत ठेवा, आणि दोन्हीकडे न जमणारा पर्याय लागणाऱ्या आकड्यासकट दिसू द्या. त्यानंतर दोन परीक्षकांना उलटे कागद देऊन बसवा: एकाला ताकद जास्त आणि बोलणं शून्य, दुसऱ्याला त्याच्या बरोबर उलट. दोन तासांनी दोघांना विचारा, फाटकातून आत कसे गेलात? उत्तर एकच आलं तर टॅग बदला.